एकाचा आकडा

फोन वाजला तेव्हा कासऱ्याचं एक टोक भीमण्णाच्या हातात होतं आणि दुसरं मडिवाळप्पाच्या. दोघे दोन्हीकडून ओढून बघत होते. बसवकल्याणच्या बाजारगल्लीत दोराचं दुकान घालून भीमण्णाला चाळीस वर्षं झाली होती आणि माल दाखवायची त्याची हीच रीत होती. बोलायचं कमी, एक टोक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, ओढा. मडिवाळप्पा जुनं गिऱ्हाईक. ओढता ओढता म्हणाला, "भीमण्णा, तू पार पिकलास, पर तुजा दोर अजून ताठ हाय बग." भीमण्णा हसला की नाही ते त्यालाच कळलं नाही, कारण फोन वाजत होता. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं म्हणून तो फोन नेहमी मोठ्या आवाजावरच ठेवी. दुकानाच्या मागच्या पडद्याआड घर होतं. तिथं चंद्रम्मा, त्याची बायको, सुपात तूर निवडत बसली होती.

"भीमण्णा अप्पा बोलायलेत का? मी सुधारानी, पोलीस ठाण्यातून. भिऊ नका, भिऊ नका. कॉलेजात आज मॉक ड्रिल हाय. म्हंजे आग लागली, माश्या उठल्या, कायबी झालं तर पोरींनी कसं बाहीर यायचं त्याचा सराव. खोटं खोटं. निम्म मगळु आराम अदाळ्री, पोरगी आराम हाय तुमची. चैत्रा. तुमची चैत्रा सुखरूप बाहीर आली. सगळ्या पोरी खाली मातीत बसल्यात वळीनं, ती बी बसलीया. ऐकू आलं का? व्हय म्हणा, मला टिक करायचंय."

पडद्याआड सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. ठेवल्याचा नसेल, पडल्याचा असेल, कारण तुरीचे दाणे फरशीवरून घरंगळत पडद्याखालून दुकानात आले. मागोमाग चंद्रम्मा आली. तिनं भीमण्णाच्या हातातला फोन घेतला नाही, फक्त फोनजवळ तोंड नेलं.

"तिला द्या," ती म्हणाली.

"कोण, अव्वा का? अव्वा, सरावात बोलू देत न्हाईत. शिट्टी झाली की तीच करंल की फोन."

"एकच मिनिट. जेवली का तेवढं इचारते."

"अवो अव्वा, शंभरावर पोरी हायत हितं. कुणाकुणाला देऊ?" पलीकडची बाई हसली. चांगल्या मनाची वाटत होती. तिच्या मागं शिट्ट्या वाजत होत्या, पोरींचा गलका होता, आणि चंद्रम्मा त्या गलक्यात कान घालून उभी होती, डोळे बारीक करून, बाजारात हरवलेलं माणूस शोधावं तशी. भीमण्णानं "व्हय" म्हटलं आणि फोन बंद केला. मडिवाळप्पानं हातातलं टोक अलगद खाली ठेवलं, चपला पायात सरकवल्या आणि तो गल्लीत उतरला. गावात सगळ्यांना माहीत होतं. चैत्राला जाऊन आठ महिने झाले होते.

मातीत बसलीया. त्या बाईनं सरळ मनानं सांगितलं होतं, आणि तिला कुठं माहीत असणार की ते खरंच होतं. भीमण्णाच्या लिंगायत लोकांत माणसाला आडवं निजवत नाहीत, जाळत नाहीत. खड्डा काढून त्यात बसवतात, मांडी घालून, डाव्या हाताच्या तळव्यावर इष्टलिंग देऊन, जित्या माणसानं पूजेला बसावं तसं. शेताच्या कोपऱ्यात, बोरीच्या अलीकडं, त्यानं स्वतः खड्ड्यात उतरून तिची मान मातीच्या भिंतीला टेकवली होती. मान राहत नव्हती. तोंड सुजून ओळखू येत नव्हतं, पण मान तिचीच होती, मागं तीळ असलेली. वरून माणसं म्हणत होती, अण्णा, आता वर या. तो वर आला. आठ महिने त्या खड्ड्यातून वर येण्याचंच काम चाललं होतं, आणि आज कुणीतरी फोन करून सांगत होतं की ती बसली आहे, आराम आहे, टिक करायचं आहे.

चंद्रम्मा रडली नाही. खाली बसून एकेक दाणा वेचू लागली. वेचता वेचता म्हणाली, "चुकून आला फोन."

"व्हय. यादीत नाव राह्यलं असंल."

"नाव राह्यलं. पर नंबर बरोबर लागला." ती वेचायची थांबली नाही. "तवा लागला न्हाई. आज कसा लागला?"

भीमण्णा कासरा गुंडाळू लागला. कोपर आणि पंजा, कोपर आणि पंजा. "दुरुस्त केला असंल त्यांनी."

"मला कॉलेजातल्या त्या कारकुनाला, किरणकुमारला इचारायचंय. पोरगी जिती असताना चुकीचा लिवला, ती गेल्यावर बरोबर कसा लिवतो त्यो. सोमवारी जाऊ आपण."

तो बरं म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता? तो दिवस, दुसरा दिवस, तो दुकानात बसला आणि गिऱ्हाइकाला भलतंच काही काढून देत राहिला. कुणी म्हैस बांधायला दावं मागितलं तर त्यानं पोहऱ्याची बारीक दोरी दिली. "काय मामा, म्हशीला पतंगावानी उडवायचंय का?" तो माणूस म्हणाला. भीमण्णानं दोरी परत घेतली आणि तिच्याकडं बघत राहिला.

दोर माणसाला लहानपणापासून येतो, अक्षर तसं नाही. त्याला अक्षर चैत्रानं शिकवलं, पन्नाशी उलटल्यावर. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर झालेली ती एकुलती एक पोर. गल्लीतल्या मराठी शाळेत तिसरीला होती, तेव्हा एक दिवस खडू घेऊन आली आणि दुकानाच्या फरशीवर बसून म्हणाली, "अप्पा, तुला लिहायला येत न्हाई म्हणून बाई हसल्या. आजपासून मी तुजी बाई." आधी मराठी आकडे शिकवले. एक शिकवताना ती अडली, कसं सांगावं कळेना, मग भिंतीवरच्या दोराकडं बघून म्हणाली, "फास घाल आणि खाली शेपूट सोड. झाला एक." आणि त्याला तो लगेच आला. बाकीच्या आकड्यांनी त्याला दमवलं, सहानं आणि तिनानं तर रडवलं, पण एक पहिल्याच दिवशी हातात बसला, कारण लहानपणापासून तो वासरांसाठी तेच करत होता, फास आणि शेपूट. पुढं ती कानडी शिकली, इंग्रजी शिकली, आणि फोन नंबर इंग्रजीतच लिहायचे असतात म्हणून तेही आकडे तिनं त्याला शिकवले. इंग्रजी एक त्याला कधी आवडला नाही. नुसती उभी काठी. त्याला कुणी कसं धरावं?

कॉलेजच्या दाखल्याच्या दिवशी फॉर्म त्यानंच भरला होता. हुमनाबादच्या अलीकडं, हायवेला लागून असलेलं कॉलेज, आत मुलींचं वसतिगृह. खिडकीपाशी ही रांग. चैत्रा म्हणाली, "अप्पा, दे मी भरते," आणि तो म्हणाला होता, "न्हाई. बाप हाय मी, मीच भरनार." जन्मात पहिल्यांदा कुठल्यातरी कागदाच्या चौकटीत तो स्वतःच्या हातानं काही लिहीत होता. मागून कुणी म्हणालं, "आजोबा, कादंबरी लिवायलाव का? आमची बस जायलीय." लोक हसले, तोही हसला, आणि त्याचा हात थरथरला नाही. संकटकाळी कुणाला कळवावे, असं कानडीत छापलेलं होतं, तिनं वाचून दाखवलं. दहा आकडे लिहिले. तिनं कागद घेऊन बघितलं आणि म्हणाली, "बरोबर हाय." किरणकुमार नावाच्या कारकुनानं तो आत घेतला.

तिनं बघितलं होतं. हे तो रोज स्वतःला सांगे आणि रोज त्याची लाज वाटे. तिच्या डोळ्याला दोन्ही आकडे सवयीचे. इंग्रजी आकड्यांच्या मधोमध बापाचा मराठी एक बसला होता, आणि तिनं तो एकच वाचला, कारण तो एकच होता. किरणकुमार गुलबर्ग्याकडचा, कानडी शाळेत शिकलेला. त्याला फास दिसला आणि खाली शेपूट दिसली. त्यानं नऊ वाचला.

ऑगस्टात एका सकाळी अकरा वाजता वसतिगृहाच्या टाकीखालचं आग्यामोहोळ उठलं. कशानं उठलं ते कुणालाच सांगता आलं नाही. चैत्रा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्धीवर होती, तिथून बिदरला नेईपर्यंतही होती, आणि दोन वाजता गेली. तिचा फोन वसतिगृहाच्या खोलीत राहिला होता, आणि या तीन तासांत वॉर्डननं वहीतला तो नंबर सतरा वेळा लावला. पलीकडं कुणीतरी दोनदा उचलला, तेलुगूत काहीतरी बोललं आणि ठेवून दिला. पोरगी विचारत होती, अप्पा निघाला का? वॉर्डन म्हणत होती, निघालाय, पोहोचतोय. बसवकल्याणहून हुमनाबाद तासाभराची वाट. त्या तीन तासांत भीमण्णा काय करत होता ते त्याला नीट आठवे. एका गिऱ्हाइकानं जावयावरून काढलेल्या विनोदावर तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता.

तिसऱ्या दिवशी ठाण्याचे जमादार जबाब घ्यायला आले. त्यांनी नंबर तोंडी विचारला, भीमण्णानं सांगितला. जमादारांनी कागद बघितला. "कॉलेजाच्या वहीत हितं नऊ हाय. तुमी एक म्हणायलाव." एका क्षणात भीमण्णाला सगळं दिसलं, फास, शेपूट, सगळं. शेजारी चंद्रम्मा बसली होती. तो म्हणाला, "कारकुनानं चुकवलं असंल." जमादारांनी तसं लिहून घेतलं, खाली बरोबर नंबर लिहिला. एवढंच वाक्य. पुढं चंद्रम्मानं कॉलेजच्या फाटकात किरणकुमारला गाठून दोन्ही हातांनी माती त्याच्या डोक्यावर टाकली, "तुज्या घरातबी फोन लागू नये" म्हणाली, आणि तो चष्मा न काढता, डोळे मिटून उभा राहिला, तेव्हा भीमण्णा तिचा दंड धरून उभा होता. आवरत होता, असं लोकांना वाटलं असेल.

सोमवारी बसमध्ये चंद्रम्मा पुढं बायकांत बसली आणि तो मागं. तिचा अंबाडा दिसत होता. तो मनात म्हणत होता, राजेश्वर गाव आलं की उठून सांगायचं. राजेश्वर आलं, गेलं. मग हायवेचे ढाबे लागले, लॉऱ्या लागल्या.

कॉलेजच्या कचेरीत सुधारानी स्वतः बसली होती. शनिवारच्या सरावाचे कागद घेऊन आली होती. पंचविशीची, खाकीत, तोंड उतरलेलं. तिला कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्यांना बघताच ती उठली आणि चंद्रम्माच्या पायांकडं वाकली. "अव्वा, चुकलं माजं. तुमच्या पोरीचं झाल्यापासनं आमी आणि कॉलेज मिळून दर म्हैन्याला ह्यो सराव घेतो. घरी फोन लावायचं ह्या बारीला पयल्यांदाच केलं. यादी जुन्या वर्षाची होती आणि तुमचा नंबर कुणीतरी आमच्या ठाण्यातल्या जबाबावरनं दुरुस्त केलेला. यादीत एकशेतेरा, मैदानात एकशेबारा. वॉर्डन म्हणल्या, एक न्हाणीत असंल. म्या टिक केलं. मोजायला पायजे व्हतं मी परत."

"ऊठ, पोरी," चंद्रम्मा म्हणाली. "तुज्यावर राग न्हाई. तू फोन लावलास, त्यो लागला तरी. ज्यानं चुकीचा लिवला त्यो कुठं हाय?"

सुधारानीनं आतल्या दाराकडं बघितलं. किरणकुमारला खिडकीवरून उचलून जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं होतं, त्यामुळं नाव कमी करण्यासाठी लागणारी चैत्राची फाइल तोच घेऊन आला. दाढी वाढली होती. त्यानं फाइल टेबलावर ठेवली, न शोधता थेट ते पान उघडलं, आणि मागं सरून हात बांधून उभा राहिला. ते पान त्यानं किती वेळा उघडलं असेल ते कागदाच्या दुमडीवरून कळत होतं. त्यानं भीमण्णाकडं बघितलं आणि लगेच नजर खाली घातली, जणू उघडं पडू नये असं काही त्याला चुकून दिसलं होतं.

"वाचा," चंद्रम्मा नवऱ्याला म्हणाली. "काय लिवलंय?"

तिला वाचता येत नव्हतं. भीमण्णानं नऊ म्हटलं असतं तर त्या खोलीत कुणी हूं की चूं केलं नसतं. तो वाकला. चौकटीतले आकडे त्याला वाटले होते त्याहून मोठे होते, लहान पोरानं काढावेत तसे, आणि प्रत्येक आकडा जपून, रेघ न ओलांडता बसवलेला. ते बघून त्याला त्या माणसाची माया आली. दाखल्याच्या रांगेतल्या त्या माणसाची, ज्याचा हात थरथरला नव्हता. तो एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेला. आठव्या चौकटीपर्यंत आला.

"एक," तो म्हणाला. "माज्या हातचा हाय, चंद्रम्मा. बाकीचे इंग्रजीत लिवले, ह्यो मराठीत पडला. नऊ दिसतो. ह्यानं जे दिसलं ते लिवलं. मला तवाच कळलं व्हतं. जमादार आला तवाच."

 पंखा फिरत होता. किरणकुमार हळूच म्हणाला, "मी मागनं प्राचार्य साहेबांना दाखवला होता, अण्णा. ते म्हणाले, शंका आली तर विचारायला पाहिजे होतं. त्यांचंबी खरंच हाय. मला शंकाच आली न्हाई."

"कुठला?" चंद्रम्मानं विचारलं. भीमण्णानं बोट ठेवलं. तिनं त्याचं बोट बाजूला सारलं आणि आपलं ठेवलं. "ह्यो?"  मग म्हणाली, "मी तिथंच व्हते. तुमच्या मागं, पिशवी धरून. मला नंबर तोंडपाठ हाय. माहेरी गेले की शेजारच्या पोरीला सांगून रोज लावत व्हते की तुमाला." आणि तिनं तो म्हणून दाखवला, दहाच्या दहा आकडे, जात्यावर ओवी म्हणावी तसे, एका दमात, कुठंही न अडता. "म्या तवाबी म्हणलं, मी सांगते ह्यास्नी. तुमी म्हणलाव, गप, लिवायलोय मी."

भीमण्णानं तो दिवस हजारदा आठवला होता. रांग, हसणं, कादंबरी लिवायलाव का, तिचं बरोबर हाय. त्यात हे कुठंच नव्हतं. आणि आता होतं. पिशवीची किनार त्याच्या पाठीला लागत होती, मागून चंद्रम्मा खिडकीकडं वाकून किरणकुमारला काही सांगू बघत होती, आणि तो मान न वळवता, पेन न उचलता म्हणत होता, गप. ते इतकं लहान होतं आणि इतकं रोजचं होतं की आठवणीनं ते उचललंच नव्हतं.

सुधारानीनं कागद पुढं केला. नाव कमी करावे, म्हणून पालकाची सही. भीमण्णानं पेन घेतलं, पण बोटं मिटेनात. चंद्रम्मानं शाईचा डबा मागितला आणि अंगठा उठवला. दाबून उठवला, मग पदराला पुसला. "आता पुढच्या दाखल्याला," सुधारानी डोळे पुसत म्हणाली, "नंबर तोंडानं सांगायचा, लिवायचा, आन् खिडकीतच लावून बघायचा. रिंग वाजल्याबिगर फॉर्म घ्यायचा न्हाई. आमच्या साहेबांनी आन् कॉलेजानं आज तसं ठरवलंय, अव्वा."

"बरं करा," चंद्रम्मा म्हणाली. जाताना ती किरणकुमारपाशी थांबली. "माती टाकली म्या तुज्यावर."

"धुतली, अव्वा. गेली."

"न्हाई जात," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरून हात फिरवला, तिथं अजून काही असल्यासारखा.

हुमनाबादच्या स्टँडवर बसवकल्याणची गाडी लागलेली होती. भीमण्णा तिकडं वळला आणि चार पावलं गेल्यावर त्याला कळलं की मागं कुणी नाही. चंद्रम्मा पलीकडच्या फलाटावर निर्ण्याच्या गाडीत चढत होती. निर्णा तिचं माहेर, तिथं तिचा भाऊ. तो पळत गेला तेव्हा ती खिडकीशी बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

"चंद्रम्मा, आगं, हिकडं कुठं? कवा येशील?"

ती समोर बघत राहिली. गाडीत कुणाचं तरी लेकरू रडत होतं, कंडक्टर निर्णा, निर्णा म्हणून ओरडत होता.

"शिव्या दे. कायबी बोल, पर बोल की."

तिनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. खरंच काही विचारायचं असावं तसं तिनं विचारलं, "आता बोलू म्हणता?"

  गाडी हलली, तसा तो पत्र्यावर पंजा ठेवून तिच्या खिडकीबरोबर चालू लागला, फलाटावरून, खड्ड्यांवरून, स्टँडच्या फाटकापर्यंत. तिथं हायवे लागला आणि गाडीनं वेग घेतला.